सारवणाचा न्याय : झिजलेली लाकडी जमीन घरीच कशी दुरुस्त करावी

(विवळवेढे इथं झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



महालक्ष्मीच्या पायथ्याशी बसून लाकडी जमिनीवर बोलायचं म्हणजे थोडं गमतीचंच आहे. इथल्या पाड्यांवरची जुनी घरं कारवीच्या कुडाची आणि सारवलेल्या मातीच्या जमिनीची. नवी घरं सिमेंटची नाहीतर लादीची. मग लाकडी जमीन कुठं आली? तर इथून तासाभराच्या अंतरात डहाणू, बोर्डी, घोलवड. तिथल्या चिकूच्या वाड्यांमधले पारशी-इराणी लोकांचे जुने बंगले बघा, गावातली जुनी माडीची घरं बघा. वर गेलात की पायाखाली फळ्या असतात. पुढं वसईत तेच, गिरगावातल्या जुन्या चाळींत तेच, पुण्याच्या वाड्यांत तेच. तुमच्यापैकी बरेच जण अशा घरांत राहतात, किंवा तिथं सुतारकाम, रंगकाम करायला जातात. म्हणून हा विषय.

आणि दुसरं असं, की त्यातल्या कित्येक फळ्या या बाजूच्या रानांतून गेलेल्या आहेत. मुंबईला साग मलबारातून यायचा, ब्रह्मदेशातून यायचा, आणि आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्याच्या जंगलांतूनही जायचा. १८६०च्या दशकात रेल्वे झाली आणि लाकूड बाहेर नेणं सोपं झालं. तो साग तोडला कुणी? इथल्या वारल्यांनी. कुठल्या मजुरीवर, ते तुम्हाला मी सांगायला नको. १९४५-४६ च्या वारली उठावात गवतकापणीच्या मजुरीबरोबर जंगलतोडीच्या मजुरीचाही प्रश्न होता. त्यासाठी लोकांनी संप केला, गोळ्या झेलल्या. तेव्हा माडीची फळी उखडून जळणात टाकण्याआधी एवढं तरी मनात यावं, की हे लाकूड फुकट आलेलं नाही. आणि तसं लाकूड आता परत मिळणारही नाही. इतक्या जुन्या, सावकाश वाढलेल्या झाडाची, दहा-बारा फूट सलग, गाभ्यातली फळी बाजारात शोधून बघा.

आता मुद्द्यावर येतो. माझा आज सांगायचा मुद्दा एकच आहे, आणि तो मी मातीच्या जमिनीकडून शिकलो. घरातली बाई जमीन कशी सांभाळते? ती दर थोड्या दिवसांनी शेणाचा पातळ हात फिरवते. झिजतो तो सारवणाचा थर. खालची चोपून घट्ट केलेली जमीन तशीच राहते. थर गेला की पुन्हा थर. कुणी दरवेळी जमीन खणून काढत नाही. लाकडी जमिनीलाही हाच न्याय लावायचा. वरचा तेलाचा, मेणाचा पातळ थर झिजू द्यायचा, वेळेवर पुन्हा द्यायचा, आणि लाकडाला होता होईल तेवढा हात लावायचा नाही. आपण नेमकं उलटं करतो. वीस वर्षं काही करत नाही, आणि एकविसाव्या वर्षी मशीन आणून जमीन सोलून काढतो.

फळी किती वेळा घासता येते?

हिशेब करू. जुन्या माडीची फळी साधारण २० ते २५ मिलिमीटर जाड असते. मशीनने नीट घासली तर एका वेळेला अर्धा ते एक मिलिमीटर लाकूड जातं. नवखा हात असेल तर जास्तच. तुम्ही म्हणाल, मग काय, वीसदा घासू. तसं नाही. फळी कड्यांवर खिळ्यांनी ठोकलेली असते आणि खिळ्याचं डोकं पृष्ठभागाच्या जरासंच खाली असतं. फळ्या एकमेकींत अडकवलेल्या असतील, म्हणजे एकीच्या कडेला जीभ आणि दुसरीच्या कडेला खोबण, तर त्या जिभेच्या वरचं लाकूड पाच-सात मिलिमीटरच असतं. वापरता येतं ते तेवढंच. ते संपलं की कडेचे ओठ तुटायला लागतात. म्हणजे आख्ख्या आयुष्यात पाच-सहा वेळा घासता येईल एवढीच शिल्लक, आणि त्यातली किती आधीच्या लोकांनी खर्च केली ते आपल्याला माहीत नसतं. म्हणून घासणं हा शेवटचा उपाय.

पहिला दिवस : नुसतं बघायचं

सुतार यायच्या आधी तुम्ही स्वतः एक पेचकस, एक टॉर्च आणि वाटीभर पाणी घेऊन बसा.

पेचकसाचं टोक फळीत दाबा. चांगल्या सागाच्या गाभ्यात ते जात नाही, नुसता वण उठतो. लोण्यासारखं आत गेलं तर तिथं लाकूड कुजलंय. कुठं बघायचं? भिंतीलगत, खिडकीखाली, मोरीच्या बाजूला, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुळईचं आणि कड्यांचं टोक जिथं भिंतीत शिरतं तिथं. हे माडीच्या खालून, टॉर्च मारून बघावं लागतं. पावसाची भिंत ओल धरते आणि ती ओल टोकाला पोचते. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला साधारण वीस टक्क्यांहून जास्त ओल लागते. त्याखाली ती वाढत नाही. म्हणजे कुजण्यावरचं खरं औषध म्हणजे कौल सरळ करणं, पन्हळ साफ करणं, भिंतीचं प्लास्टर बघणं. पाण्याची वाट बंद न करता वरून पॉलिश मारलं, तर आपण कुजणं नुसतं झाकलं. तुळईचं टोक मऊ लागलं तर तिथं घरगुती प्रयोग करू नका. जाणकार सुतार किंवा इंजिनिअर आणा. खोलीतलं जड सामान आधी हलवा. हा जिवाचा प्रश्न आहे.

मग किडे. मातीच्या नळ्या भिंतीवर, खांबावर चढलेल्या दिसल्या तर ती वाळवी, ती जमिनीतून वर येते. तिचा बंदोबस्त पायाशी, मातीत करावा लागतो. फळीला बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर तो भुंगा. सागाचा गाभा या दोघांनाही सहसा दाद देत नाही. खाल्लं जातं ते सालीलगतचं पांढरट लाकूड. भोकं फक्त फळीच्या पांढऱ्या कडेला असतील तर घाबरून आख्खी फळी बदलू नका. लाकूड उघडं आणि कोरडं असताना टाकणखार आणि बोरिक पावडरचं पाण्यातलं द्रावण ब्रशने दोन-तीनदा पाजता येतं. पण ते पाण्याने धुऊन जातं, म्हणून ते वाळल्यावर वर तेलाचा थर हवाच.

आता वाटीतलं पाणी. जमिनीवर चार ठिकाणी एकेक थेंब टाका आणि पाच मिनिटं थांबा. थेंब तसाच उभा राहिला तर तिथला थर शाबूत आहे. तो भाग नुसता साफ करून तेल-मेणाचा हात दिला की पुरे. थेंब आत जिरला आणि डाग काळपट दिसला तर थर गेलाय. बहुतेक घरांत दारापासून खिडकीपर्यंतची चालण्याची वाट गेलेली असते आणि पलंगाखालची जमीन नव्यासारखी असते. मग सगळी खोली का सोलायची?

आधीचं पॉलिश कोणतं, तेही कळतं. कापसावर स्पिरिट घेऊन कोपऱ्यात चोळा. चिकट झालं तर ते लाखेचं, म्हणजे चपड्याचं पॉलिश. टर्पेंटाइनने पिवळट मळ निघाला तर मेण आहे. दोन्हीनेही काही झालं नाही तर बहुधा अलीकडचं वॉर्निश. जुन्या फळ्यांना रंग दिलेला असेल तर जपून. जुन्या तैलरंगात शिसं असू शकतं. तो कोरडा घासू नका, धूळ होऊ देऊ नका, आणि लहान मुलं त्या काळात घराबाहेर ठेवा.

फटींबद्दल, आणि माझ्या एका चुकीबद्दल

लाकूड श्वास घेतं असं आपण म्हणतो. खरं म्हणजे ते हवेतली ओल घेतं आणि सोडतं. ओल घेतली की फुगतं, तेही रुंदीत. लांबीत जवळजवळ नाहीच. आपल्या किनाऱ्याजवळच्या हवेत कोरड्या दिवसांत लाकडातली ओल दहा टक्क्यांच्या आसपास असते, भर पावसाळ्यात ती सतरा टक्क्यांपर्यंत चढते. सहा इंच रुंदीची सागाची फळी तेवढ्यात जास्तीत जास्त दोन मिलिमीटर फुगते. दहा फूट रुंद खोलीत अशा वीस फळ्या. वीस दुणे चाळीस, म्हणजे चार सेंटिमीटर. ही चार सेंटिमीटर जागा कुठून येते? फटींतून. आणि साग त्यातल्या त्यात शहाणा, बाकीची बरीच लाकडं याहून जास्त हलतात.

मला हे माहीत नव्हतं तेव्हा मी एका मे महिन्यात आमच्या माडीच्या सगळ्या फटी भरून टाकल्या. फटींतून खाली धूळ पडायची, आई वैतागायची. मी भुसा आणि डिंक कालवून कडक लांबी केली आणि ठासून भरली. जमीन आरशासारखी झाली. जुलैत एका रात्री फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. सकाळी बघतो तर मधल्या तीन फळ्या तंबूसारख्या उभ्या. फुगायला जागा नाही, मग त्या वर उठल्या आणि कडीतून खिळे उपटून आल्या. दोन फळ्या उभ्या चिरल्या. शंभर वर्षं ज्यांना काही झालं नव्हतं, त्या माझ्या एका रविवारच्या कामाने गेल्या.

तेव्हा लक्षात ठेवा : बारीक फटी असू द्याव्यात. एखादी फारच मोठी असेल तर त्याच जातीच्या लाकडाची बारीक पट्टी तासून बसवा, पण डिंक एकाच बाजूला लावा, म्हणजे दुसरी बाजू हलायला मोकळी राहील. खालच्या खोलीत धूळ पडत असेल तर फटीत सुतळी किंवा काथ्याची दोरी दाबून बसवा, ती दबते आणि परत फुलते.

प्रत्यक्ष काम

काम दिवाळीनंतर काढा, फेब्रुवारीपर्यंत उरका. पावसाळ्यात लाकूड ओलं असतं, तेल वाळत नाही.

आधी दुरुस्ती. करकरणारी फळी म्हणजे कडीवरून सुटलेली फळी. जुना खिळा पुन्हा ठोकून उपयोग नाही, तो परत ढिला होतो. खिळ्याच्या शेजारी आधी गिरमिटाने बारीक भोक पाडा, मग स्क्रू लावा. भोक न पाडता स्क्रू लावला तर जुना साग चिरतो. दोन फळ्या एकमेकींवर घासून आवाज येत असेल तर फटीत शंखजिऱ्याची पूड टाकून बघा, बरेचदा तेवढ्याने भागतं. राहिलेले खिळे पंचाने दोन मिलिमीटर खाली बसवा, नाहीतर कागदही फाटेल आणि मशीनही.

मग धुलाई. धुलाई म्हणजे बादली ओतणं नव्हे. कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण, घट्ट पिळलेलं फडकं, आणि लगेच कोरडं फडकं. मेणाचा जुना थर टर्पेंटाइनने निघतो. खिडक्या उघड्या ठेवा आणि घरात चूल, गॅस, उदबत्ती काही पेटतं ठेवू नका. अर्ध्या खोल्या इथंच सुधारतात, पुढं जावंच लागत नाही.

खिळ्यांभोवती काळे डाग दिसतात. लोखंड आणि लाकडातला तुरट रस ओलीत भेटले की काळं होतं. ते घासून जात नाहीत, कारण ते खोलवर असतात. ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने फिके होतात. ते विषारी आहे, हातमोजे घाला, नंतर स्वच्छ पाण्याने पुसून काढा आणि आठवडाभर वाळू द्या. मी तर म्हणतो, डाग राहिले तर राहू द्या.

एवढं करून जिथं लाकूड करडं, खडबडीत उरलं, तिथंच घासायचं. हाताने किंवा छोट्या गोल फिरणाऱ्या मशीनने, लाकडाच्या रेषेच्या दिशेने. सुरुवात ८० नंबरच्या कागदाने, शेवट १२० ने. फारच खराब असेल तर ६० ने सुरुवात. नंबर गाळून उडी मारू नका, आधीच्या कागदाचे ओरखडे तेल दिल्यावर उठून दिसतात. पट्ट्याचं मशीन एका जागी क्षणभर थांबलं तरी खड्डा पडतो आणि तो जन्मभर दिसतो.

आणि तोंडाला नीट बसणारा मास्क. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने कर्करोगकारक म्हटलंय. सागाच्या धुळीने अंगाला खाजही सुटते. रुमाल बांधून भागत नाही. मजूर लावला असेल तर मास्क त्यालाही द्या, तो आपल्या घरासाठी धूळ खातोय.

शेवटी थर. रंगाच्या दुकानात बेलतेल मिळतं, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल. पहिला हात तेल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं. फडक्याने पातळ लावा, वीस मिनिटांनी वर राहिलेलं सगळं पुसून घ्या. पुसायचं राहिलं तर तिथं चिकट साय धरते आणि ती महिनाभर वाळत नाही. एक-दोन दिवसांनी दुसरा हात, मग तिसरा. आठवडाभराने मधमाशीच्या मेणाचा एक हात, आणि कोरड्या कापडाने चोळणं. झालं तुमचं सारवण.

आता एक गोष्ट कानात बांधून घ्या. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं. बोळ्यात ती उष्णता कोंडते आणि काडी न लावता फडकं पेट घेतं. फडकी बाहेर, उघड्यावर, एकेक पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

पुढची निगा सोपी आहे. दाराशी चांगलं पायपुसणं. चपलेतली वाळू हाच रोजचा पॉलिश पेपर, आणि आपल्याकडे समुद्राची वाळू घरोघरी येते. खुर्च्या-पलंगांच्या पायांना जाड कापडाचे तुकडे. रोज फिनेलचं पाणी नको. वर्षातून एकदा दिवाळीच्या आवराआवरीत थेंबाची परीक्षा, आणि जिथं थेंब जिरेल तिथं तेलाचा एक हात. तासाभराचं काम.

आणि याने किती टिकतं? मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ नावाचं सागवानी जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही पाण्यावर तरंगतंय. दोनशे वर्षांत लोकांनी त्याची पुन्हा पुन्हा डागडुजी केली म्हणून ते राहिलं. आपल्या माडीवर तर समुद्रही नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : फळ्यांवर सरळ टाइल्स बसवल्या तर? बरेच जण तसंच करतात.*

करतात, आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते. हिशेब सांगतो. टाइल एका चौरस मीटरला वीस-बावीस किलो. खालचा दोन इंच मसाला शंभर किलोच्या वर. मिळून सव्वाशे किलो. दहा बाय बाराची खोली अकरा चौरस मीटरची, म्हणजे जवळजवळ चौदाशे किलो. एवढा भार त्या कड्यांनी कधी धरलेला नाही. त्यांच्यावर पंधरा किलो चौरस मीटरची फळी होती. वर मसाल्याची ओल फळीत कोंडते, खालून बुरशी धरते, आणि वरून टाइल चकाचक दिसत असल्यामुळे कुणाला कळत नाही. टाइल तळमजल्यावर खुशाल लावा. लाकडी माडीवर नको.

*प्रश्न : पीयू पॉलिश का सांगितलं नाही? ते जास्त टिकतं.*

टिकतं, खोटं नाही. पाण्यालाही दाद देत नाही. जिथं फार वर्दळ आहे, दुकान आहे, तिथं मीही सांगेन. पण तो लाकडावर चढवलेला जाड पापुद्रा असतो. एका जागी झिजला की तेवढ्यालाच ठिगळ लावता येत नाही, लावलं तर दिसतं. बहुतेक वेळा सगळी खोली पुन्हा घासावी लागते. तेलाचं तसं नाही. जिथं गेलं तिथं लावा. तेल लवकर झिजतं हे खरं, पण झिजायचं ते त्यानेच. सारवणाचाच न्याय.

*प्रश्न : आमच्याकडे फळ्या ऐनाच्या आहेत. त्यांना हे चालेल?*

चालेल. ऐन सागापेक्षा जड आणि टणक, पण तो जास्त हलतो आणि चिरतो. म्हणून फटी भरायच्या नाहीत हा नियम तुम्हाला दुप्पट लागू. स्क्रूच्या आधी भोक पाडल्याशिवाय तर हातच लावू नका. आणि एखादी फळी बदलावी लागली तर जुन्या लाकडाच्या वखारीतून ऐनाचीच, तेवढ्याच जाडीची आणा, आणि बसवण्याआधी महिनाभर त्याच खोलीत आडवी ठेवा. तिला त्या घराच्या हवेची सवय होऊ द्या.

*प्रश्न : सुरुवात कुठून करू? सगळंच खराब दिसतंय.*

सगळंच खराब कधीच नसतं. घरी गेल्यावर पलंग जरा सरकवा आणि खालची जमीन बघा. ती तुमची खरी जमीन. बाकीची तिच्यापर्यंत आणायची आहे, एवढंच काम. पहिल्या दिवशी काहीही विकत आणू नका. पेचकस, टॉर्च आणि वाटीभर पाणी घेऊन बसा.